काचकाकांचं गरम चीज

चीजचा अख्खा ठोकळा ओट्यावर ठेवून काचकाका दोन पावलं मागे सरले आणि त्याच्याकडे बघत राहिले. न उघडलेला, चहूबाजूंनी सारखा, कागदाच्या घड्या जागच्या जागी.

“बघ तरी,” ते बायकोला म्हणाले, “अजून कुणाची सुरी लागलेली नाही.”

“दुकानात असंच मिळतं,” काकू म्हणाल्या. “तुम्ही कधी दुकानात गेलात तर कळेल ना.”

टोमणा होता, पण खोटा नव्हता. काकांनी जन्मात अख्खं चीज विकत आणलं नव्हतं; हेही काकूंनीच आणलेलं. त्यांच्या घरात चीज यायचं, अगदी भरपूर यायचं, पण अर्धं. कडा वाळलेलं, कुणीतरी आधीच कापून खाल्लेलं. त्याचं कारण त्यांचा धंदा. काका घरं हलवणाऱ्या एका कंपनीत पॅकर होते. घर हलवताना माणसं पलंग नेतात, कपाटं नेतात, दोरी तुटलेला पडदासुद्धा नेतात. पण फ्रीज मात्र रिकामा करावाच लागतो. मग आतलं अर्धंमुर्धं कुणाला द्यायचं, हा प्रश्न समोर उभ्या असलेल्या पॅकरकडे बघून सुटतो. “काका, घेऊन जाता का हो? टाकवत नाही.” काका ‘नको’ म्हणत नसत. घरमालकाला तेवढंच बरं वाटतं. तर असं हे बारा घरचं चीज, तळाशी उरलेली मोहरीची पेस्ट, अर्धी बाटली क्रीम, असं काय काय त्यांच्या पिशवीतून घरी येई.

पॅकर बरेच असतात. काचकाका एकच होते. त्यांनी गुंडाळलेला पेला जिन्यावरून गडगडत खाली गेला तरी पेल्याला पत्ता लागत नसे. कंपनीचे मालक कुठलंही काचसामान आलं की म्हणत, “काचकाकांना पाठवा.” आणि काका जात. आणि गेले की परत येत नसत.

म्हणजे येत, पण कधी ते विचारू नये. काकांचा हा एक दोष लपवण्यात अर्थ नाही, सगळ्या गणगोताला तो पाठ होता: काका कुठेही वेळेवर पोचत नसत. वरातीमागून घोडं म्हणतात ना, त्यातलं घोडंसुद्धा काकांच्या आधी पोचलं असतं. लोक म्हणत, बिचाऱ्यांचा धंदाच तसा, रविवार नाही की सुट्टी नाही. काकू म्हणत, धंद्याला कशाला बोल लावता, माणूसच तसा. आणि काकूंचं खरं होतं. बाकीचे पॅकर खोकी नव्या घरात ठेवून, सही घेऊन निघत. काका मात्र शेवटचा पेला खोक्यातून काढून, पुसून, कपाटात उभा राहिलेला बघितल्याशिवाय पायात चपला घालत नसत. दुसऱ्या कुणी तो काढला तर फुटेल, अशी त्यांची पक्की समजूत.

या पेल्यांच्या पायी त्यांनी लेकीचे सगळे वाढदिवस घालवले. पोचायचे तेव्हा फुगे खाली आलेले, पाहुणे गेलेले, काकू भांडी घासायला बसलेल्या. मग अपराधी चेहऱ्याने काका पिशवीतलं निरनिराळं चीज काढायचे, कांदा चिरायचे आणि एका पातेल्यात गरम, दाट, खारट-तिखट असं काहीतरी ढवळायचे. पोर पेंगुळलेल्या डोळ्यांनी ओट्याशी येऊन उभी राहायची आणि शिळ्या ब्रेडचे तुकडे त्यात बुडवून खायची. त्या पदार्थाला घरात नाव होतं, ‘बाबांचं चीज’. तो जगातला एकमेव पदार्थ असावा जो पार्टी संपल्यावर तयार व्हायचा.

आता ती पोर मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायला लागली, आणि तिने स्वतःचं घर घेतलं. दोनच खोल्या, पण स्वतःच्या. शनिवारी संध्याकाळी दुकानातली मंडळी आणि मित्रमैत्रिणी यायच्या होत्या. तिने फोन केला.

“बाबा, जेवण मी बाहेरून मागवतेय. पण चीज तुम्ही करायचं.”

“करतो की! त्यात काय.”

“ऐका तर. लोक आल्या आल्या ते टेबलावर हवं. गरम हवं. सात वाजता. जमेल?”

“सात म्हणजे सात,” काका म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये आशा होती, भरवसा नव्हता, आणि तो फरक काकांच्या कानाला बरोबर कळला. तिने आजवर बापाकडे कशाच्याही सुरुवातीचं काही मागितलं नव्हतं. मागून काय उपयोग! आता मागितलं होतं. या वेळी चुकलं, तर ती पुन्हा मागायची नाही. आणि तरी फोन ठेवला तेव्हा काका शीळ घालत होते.

महिनाअखेर असल्यामुळे मालकांनी सुट्टी नाकारली. पण त्या दिवशीचं काम छोटं होतं. शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई आणि त्यांचे म्हातारे वडील, तीन खोल्यांचा संसार. शिवाय जुन्या घराहून नव्या घराकडे जाताना काकांचं घर वाटेतच लागत होतं, आणि नव्या घरापासून लेकीचं घर काही फार लांब नव्हतं. काकांनी बेत आखला. पहाटे कांदा-लसूण चिरून ठेवायचं, चीज किसून ठेवायचं. सकाळी सामान भरायचं. दुपारी जेवायच्या सुट्टीत घरी थांबून पातेलं चढवायचं. गरमागरम बांधून गाडीत टाकायचं, सामान उतरवायचं आणि थेट लेकीच्या दारात. बेतात कुठे फट नव्हती. काकूंनी तो ऐकून घेतला आणि “हं” म्हणाल्या. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

दुपारी गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली. काका उडी मारून उतरले. काकू मघाशीच लेकीकडे मदतीला गेल्या होत्या, स्वयंपाकघर काकांच्या ताब्यात. त्यांच्यामागून पैलवान आणि विमान डबे घेऊन आले. पैलवान म्हणजे काकांचा जोडीदार, चाळिशीचा, इतका सडपातळ की वाऱ्याने हलेल, पण फ्रीज एकटा पाठीवर घेऊन चार मजले चढायचा. आणि विमान म्हणजे ड्रायव्हर. त्याने आयुष्यात कधी दुसऱ्या गाडीला मागे टाकलं नव्हतं. या धंद्यात नावं उलटीच पडतात.

काकांनी जाड बुडाचं पातेलं चढवलं. लोणी वितळलं. कांदा पडला. “कांदा नुसता मऊ करायचा,” ते स्वतःशीच बडबडत होते, “लाल झाला की गोड लागतो, गोड नको आपल्याला.” मग लसूण. मग दोन चमचे मैदा, त्याचा कच्चा वास जाईपर्यंत परतला. मग दूध, थोडं थोडं, एका हाताने ओतत आणि दुसऱ्याने घोटत, कारण दूध एकदम ओतलं की गुठळ्या, आणि त्या गुठळ्या मग कुणाच्या बापाला फुटत नाहीत. दाटसर झाल्यावर आच बंद. चीज नेहमी आच बंद करून, मूठमूठ, आधीची मूठ विरघळली की पुढची. उकळलं की तेल सुटतं आणि सगळी मेहनत पाण्यात. शेवटी मोहरी, मिरपूड, लिंबाचे चार थेंब.

पातेल्यात असं तलम, पिवळं, चमकणारं काही तयार झालं आणि काकांनी हाक मारली, “अरे, या रे! चाखा!”

पैलवानाने ब्रेडचा तुकडा बुडवला, खाल्ला, आणि छताकडे बघितलं.

“चांगलंय,” तो म्हणाला.

“मग तोंड असं का?”

“चांगलंय हो काका. पण तुमचं नाही वाटत. हॉटेलातलं वाटतं.”

काकांनी चाखलं. खरंच की. गुळगुळीत, नेटकं, आणि अगदीच सपक. आता? त्यांनी मीठ घातलं, मिरपूड घातली, पुन्हा चाखलं. तेच. अख्ख्या नव्या चीजने दगा दिला! काका ओट्याला हात टेकून उभे राहिले, आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांचं चीज कधी एका चीजचं नव्हतंच. ते नेहमी चार घरच्या चार तुकड्यांचं असायचं, एक खारट, एक उग्र, एक कडवट.

“पिशवी!” ते ओरडले. “सकाळची पिशवी कुठंय?”

गणिताच्या बाईंनी सकाळी फ्रीज रिकामा करताना दिलेली पिशवी दाराशी पडली होती. आज तिला हात लावायचा नाही असं काकांनी ठरवलं होतं, लेकीच्या घरी उष्टंमाष्टं नको म्हणून. त्यात तीन तुकडे निघाले. एकाला असा वास होता की विमान खिडकीशी जाऊन उभा राहिला. काकांनी कडा तासल्या, तिन्ही किसले, पातेल्यात ढकलले, मंद आचेवर घोटले.

पैलवानाने पुन्हा चाखलं. या वेळी त्याने छताकडे बघितलं नाही, सरळ दुसरा तुकडा बुडवला.

“हां!” तो म्हणाला. “आता काकांचं झालं.”

काकांना इतका आनंद झाला की त्यांनी पैलवानाच्या पाठीवर थाप मारली आणि तो कोलमडता कोलमडता राहिला.

मग पॅकिंग. यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. झाकण दोरीने आवळलं. वर वर्तमानपत्राचे थर, त्यावर सामानाला गुंडाळायची दोन जाड ब्लँकेटं, त्यावर फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, मग मजबूत खोकं, चारी कोपऱ्यांत कागदाचे बोळे, वर चिकटपट्टी, आणि पट्टीवर दोरी. आतल्या उबेला बाहेर यायला वाट नाही. काकांनी गाठ मारली, खिशातून मार्कर काढला आणि खोक्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं: स्वयंपाकघर. नाजूक. सांभाळून.

आणि इथेच घोळ झाला. काकांनी ते विचार करून लिहिलं नव्हतं, हाताने लिहिलं होतं. त्या हाताने आजवर हजारो खोक्यांवर तेच लिहिलं होतं, आणि सकाळपासून बाईंच्या खोक्यांवरही तेच. आपल्या घरचं पातेलं काकांनी स्वतःच्या अक्षरात दुसऱ्याच्या संसारात जमा करून टाकलं.

“मांडीवर घ्या की काका,” विमान म्हणाला. “पुढे बसा माझ्याशेजारी.”

“नाजूक वस्तू मांडीवर घ्यायची नसते,” काका म्हणाले. “ब्रेक लागला की मांडी पुढे आणि वस्तू खाली.” त्यांनी खोकं गाडीच्या मागच्या दाराशी, दोन गाद्यांच्या मध्ये, ठाकूनठोकून बसवलं. जे शेवटी भरतात ते सगळ्यांत आधी उतरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण आनंदात माणसाला पाढेसुद्धा आठवत नाहीत.

नव्या घरी पोचल्यावर काका नेहमीप्रमाणे आधी वर गेले, कुठली खोली कशाची ते बघायला. खाली पैलवानाने मागचं दार उघडलं.

काम झपाट्याने झालं. काका आज वाऱ्यावर स्वार होते. कपाटं लागली, टेबल लागलं, आजोबांचा पलंग जोडून झाला. बाहेर ऊन उतरायला लागलं तसे काका टुणकन उठले, “आलोच, माझं पातेलं घेऊन येतो,” म्हणत खाली धावले.

गाडी रिकामी होती. अगदी झाडून रिकामी. कोपऱ्यात विमान ब्लँकेटांच्या घड्या घालत होता.

“माझं खोकं?”

“कुठलं?”

“चीजचं!”

विमानाने पैलवानाकडे बघितलं. पैलवानाने आभाळाकडे. “ते दाराशी होतं ते?” तो हळूच म्हणाला. “ते तर पहिल्या खेपेलाच वर गेलं. त्यावर स्वयंपाकघर लिहिलं होतं काका. तुमच्याच अक्षरात.”

काका जिना कसे चढले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. स्वयंपाकघरात खोक्यांची भिंत उभी होती, ओट्यापासून छतापर्यंत. सगळी एकाच मापाची. सगळ्यांवर एकच दोरी, एकच गाठ, एकच सुवाच्य अक्षर. गणिताच्या बाईंना प्रकार कळला तेव्हा त्या हसल्या, मग काकांचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या. त्यांनी एक खोकं उघडायला घेतलं. गाठ सुटेना. पैलवानाने कापली. आत पट्टी, पट्टीखाली प्लास्टिक, प्लास्टिकखाली कागद, कागदाखाली मिक्सर. दुसऱ्यात बशा.

“काय हो हे तुमचं पॅकिंग!” बाई घामाघूम होऊन म्हणाल्या. “चोरसुद्धा कंटाळून जाईल.”

आजवर ज्याचं कौतुक झालं तेच आज गळ्याशी आलं होतं. अशा वेगाने उघडत बसलं तर रात्र व्हायची. आणि मग काका अचानक ओरडले, “थांबा! उघडू नका! हात लावून बघा!”

“हात?”

“गरम! माझं गरम असणार!”

मग ती खोली बघण्यासारखी झाली. बाई, पैलवान आणि काका, तिघंही खोक्यांना तळहात लावत सुटले. वरून, खालून, बाजूने. पैलवान स्टुलावर चढून छताजवळची चाचपत होता. थंड. थंड. हेही थंड. काकांनी एकाला गाल लावून बघितला. थंड! “निवलं असेल का हो?” बाईंनी विचारलं, आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. निवलं असेल तर सापडायचं तरी कसं?

“काय शोधताय रे सगळे?” दाराजवळून आवाज आला.

बाईंचे वडील. सकाळपासून ते ‘मध्ये येऊ नका’ हे वाक्य ऐकून ऐकून थकले होते, आणि बिचारे खरोखरच कुणाच्या मध्ये न येता, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर एका खोक्यावर बसले होते. चष्मा कुठल्याशा खोक्यात गेलेला.

“काही नाही बाबा,” बाई म्हणाल्या, “एक खोकं हरवलंय.”

“शोधा, शोधा. मी काही उठत नाही. या घरात बसायची सोय फार छान केलीय गं. कमरेला काय शेक लागतोय! सकाळची सगळी कळ गेली बघ.”

क्षणभर कुणी हललं नाही. मग तिघंही एकदम हलले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! काका आजोबांच्या पायाशी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी दोन्ही तळहात खोक्याला टेकवले. ऊब होती. मऊ, जिवंत ऊब होती. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“आजोबा, उठता का जरा?”

“का म्हणून?” आजोबा म्हणाले. काकांनी सांगितलं. लेक, नवं घर, सात वाजता, गरम. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि काठी टेकत उठले. “मग माझ्या पाया काय पडताय? पळा!”

पण काकांचे पाय निघेनात. समोरच्या खोलीत काचेचं कपाट रिकामं उभं होतं, आणि त्याच्याशेजारी एकच खोकं राहिलं होतं. बाईंच्या आईचे पेले. जुने, पातळ, नाजूक बुडाचे. सकाळी ते गुंडाळताना बाईंनी दोनदा सांगितलं होतं, “आईचे आहेत हो.” काकांनी त्या खोक्याकडे बघितलं. हातात गरम खोकं, समोर थंड खोकं. एवढंच राहिलंय, त्यांचं मन म्हणालं. एवढंच उघडून जाऊ. हे ‘एवढंच’ त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं.

पैलवानाने ओळखलं. तो आडवा येऊन उभा राहिला, जेवढं त्याला आडवं होता येत होतं तेवढा. “काका, कटर द्या इकडे.”

“तू काढशील?”

“काढीन.”

“बुडाशी धरायचे. काठाला नाही.”

“बुडाशी.”

“आणि उभेच ठेवायचे, एकात एक घालायचे नाहीत, आणि—”

“काका,” बाई म्हणाल्या, “एखादा फुटला तर फुटला. आई काही म्हणणार नाही. जा तुम्ही.”

काकांनी खिशातला कटर काढला, पैलवानाच्या हातात दिला आणि मागे वळून न बघता निघाले. सोपं होतं असं समजू नका. जिना उतरताना प्रत्येक पायरीला त्यांचे कान मागे, काच फुटल्याच्या आवाजाकडे होते. आवाज आला नाही. खरं तर तेही त्यांना थोडंसं लागलंच.

“हाण!” गाडीत बसत ते म्हणाले. खोकं मांडीवर होतं. नियम गेले खड्ड्यात.

“सांडलं तर?” विमान म्हणाला.

“माझी गाठ आहे, सांडत नाही! हाण तू!”

आणि त्या दिवशी रस्त्याने एक चमत्कार बघितला: विमानाने एका सायकलला मागे टाकलं. मग एका रिक्षाला. “काका, बघितलं?” तो ओरडला. “बघितलं! अजून एक!” काका ओरडले. दोघंही शाळेतून सुटलेल्या पोरांसारखे दात काढत होते. लेकीच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणलेला निघाला, गाडी आत जाईना. काका खोकं खांद्यावर घेऊन उतरले आणि खड्ड्यांवर टाकलेल्या फळ्यांवरून, लोकांना “सरका, सरका, गरम आहे!” म्हणत धावत सुटले. लिफ्टपाशी रांग होती. रांगेत उभा राहील तो पॅकर कसला? जिना. मजल्यामागून मजले. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. दारावर लेकीच्या नावाची नवी कोरी पाटी. काकांनी कोपराने बेल दाबली. अजून सात वाजले नव्हते.

दार काकूंनी उघडलं. एका हातात केरसुणी, अंगावर घरातली जुनी साडी. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे बघितलं, जणू खरा नवरा मागून येत असावा.

“अगं बाई!” त्या म्हणाल्या. “कुणाला बरंबिरं नाही का? काय झालं?”

“काय व्हायचंय? सात वाजायला आले. लोक कुठायत?”

आतून लेक आली. केसांना टॉवेल गुंडाळलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. टेबलावर काही नव्हतं, खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. ती बापाकडे बघत राहिली. मग तिने आईकडे बघितलं, आणि दोघींच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी आलं.

“लोक साडेआठला यायचेत, बाबा,” ती म्हणाली.

“साडेआठला? तू मला सात सांगितलंस.”

काकूंनी केरसुणी भिंतीला टेकवली. “आम्ही तुम्हाला नेहमीच आधीची वेळ सांगतो,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून. वाढदिवस असो, शाळेचा कार्यक्रम असो. तासभर आधीची.”

काकांनी खोकं टेबलावर ठेवलं. त्यांच्या डोक्यात हिशेब हळूहळू जुळत गेला. “म्हणजे सूट देऊनसुद्धा,” ते म्हणाले, “सूट देऊनसुद्धा मी कधी पोचलो नाही.”

आयुष्यात प्रथमच काकूंजवळ टोमणा नव्हता. काका तिथेच एका खुर्चीवर बसले. हजारो खुर्च्या त्यांनी लोकांच्या घरात वाहून नेल्या होत्या. अशा ओझ्याने कुठल्या खुर्चीवर बसले नव्हते.

लेक त्यांच्यासमोर खाली बसली. “या वेळी मीच दीड तास केला,” ती म्हणाली. “आई म्हणाली एक पुरे. मी म्हटलं नको. मला तुम्ही या वेळी सुरुवातीपासून हवे होतात, बाबा. काही झालं तरी हवे होतात.” आणि मग ती एकदम हसायलाच लागली. “आणि तुम्ही आलातच! आता या तुमचं काय करू मी? माझे केससुद्धा ओले आहेत!”

ते हसू आधी काकूंना लागलं, मग काकांना. काका डोळे पुसत हसले आणि हसता हसता पुन्हा पुसत बसले.

“उघडा ना,” लेक म्हणाली. तिने गाठीला हात घातला आणि सोडून दिला. “ही जन्मात सुटणार नाही.” काकांनी एक टोक ओढलं, गाठ सुटली. ब्लँकेटं निघाली, कागद निघाले, झाकण निघालं. वर जाडसर साय धरली होती. काकांनी पातेलं गॅसवर ठेवलं, घोटभर गरम दूध घालून घोटलं, आणि साय विरघळून पुन्हा तलम झालं. लेक ओट्याशी येऊन उभी राहिली. तिने ब्रेडचा तुकडा बुडवला, फुंकर मारली, तोंडात टाकला.

काका तिच्याकडे बघत होते.

“हेच,” ती डोळे मिटून म्हणाली. “अगदी हेच.”

त्यानंतरचा वेळ असा गेला की कुठे गेला ते कळलं नाही. काकांनी खुर्च्या मांडल्या. पडदे लावले. पेले पुसायला घेतले, आणि लेकीने एक पेला काठाला धरून उचलला तरी काही बोलले नाहीत, नुसते घशाशी खाकरले. काकूंनी नवी साडी नेसून समोर येऊन विचारलं, “कशी दिसते?” हा प्रश्न काकांना कधी कुणी कार्यक्रमाआधी विचारलाच नव्हता. ते गोंधळले, मग म्हणाले, “छान,” आणि खरंच छान दिसत होत्या. पैलवानाचा फोन आला: सगळे पेले उभे, एकही फुटला नाही, आजोबा पलंगावर. काकांनी “शाबास” म्हटलं, आणि ते काकांच्या तोंडून त्याने कधीच ऐकलं नव्हतं, म्हणून तो म्हणाला, “काय म्हणालात काका?”

आणि मग बेल वाजली. लेक आरशासमोर होती, काकू ताटल्या मांडत होत्या.

“बाबा, दार!” आतून लेक ओरडली.

काका दाराशी गेले. अंगातला शर्ट त्यांनी उगाचच खाली ओढला. दार उघडलं तर समोर चष्म्याच्या दुकानातली एक मुलगी, हातात फुलं, जिना चढून दम लागलेला, केस कपाळाला चिकटलेले. ती काकांच्या खांद्यावरून आत डोकवायला बघत होती.

“सॉरी हो काका,” ती धापा टाकत म्हणाली. “उशीर झाला का मला?”

“छे, छे,” काचकाका म्हणाले आणि दार सताड उघडून बाजूला झाले. “अजून कुणीच आलं नाही. या, आत या. गरम आहे.”